छळछावणीतील साप्ताहिक

युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी काय करावे, असे विचारले की अन्न, औषध आणि निवारा ही उत्तरे प्रथम पुढे येतात. ती योग्यच आहेत. परंतु मुलांच्या हाती एखादे जबाबदारीचे काम सोपवावे, हे मदतकर्त्यांना क्वचितच सुचते. ते किती मोलाचे असते, हे टेरेझिनमधील मुलांनी दाखवून दिले आहे.

प्रागच्या उत्तरेकडील या तटबंदीच्या गावात दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यू कुटुंबांना कोंडले होते. मुलांना शिकविण्यास तेथे बंदी होती. तरीही वाल्टर आयझिंगर हे तरुण शिक्षक एका जुन्या शाळेच्या खोलीत मुलांसमवेत राहत आणि गुप्तपणे शिकवीत. त्यांच्याच छायेत डिसेंबर १९४२ मध्ये ‘वेदेम’ हे साप्ताहिक निघाले. ‘आम्ही पुढे नेतो’ हा त्या चेक शब्दाचा अर्थ. कोंडलेल्या मुलांनी असे नाव निवडावे, यातच बरेच काही आले!

संपादक पेत्र गिंझ अवघा चौदा वर्षांचा. अंकाची प्रत एकच. टंकलेखन यंत्राची फीत संपल्यावर तीही हाताने लिहिलेली. शुक्रवारी सायंकाळी अंकाचे सामुदायिक वाचन होई. मजकूर अपुरा पडला, तर गिंझ स्वतःच टोपणनावांनी पाने भरी. गावातील बेकरी, अग्निशमन केंद्र, इतकेच काय, दहनगृहही पाहून त्याने लेख लिहिले. भोवती मृत्यूचे थैमान असताना जो मुलगा प्रश्न विचारतो, आकडे टिपतो आणि शुक्रवारपूर्वी मजकूर हातावेगळा करतो, तो त्या घटकेपुरता तरी केवळ बळी उरत नाही. आमच्या मते या साप्ताहिकाचे खरे सामर्थ्य येथे होते.

जून १९४४ मध्ये रेडक्रॉसच्या पाहुण्यांसाठी गाव रंगवून, सजवून दाखविण्यात आले. त्या रंगाखाली काय दडले होते, ते मुलांच्या पानांत नोंदलेले होते.

साप्ताहिकाने प्राण मात्र वाचविले नाहीत. सप्टेंबर १९४४ मध्ये गिंझला ऑशविट्झला नेले; तो परतला नाही. आयझिंगरही परतले नाहीत. त्या खोलीतून गेलेल्या सुमारे शंभर मुलांपैकी जेमतेम पंधरा जगली. एका मुलाने जमिनीत पुरून ठेवल्यामुळे सुमारे ८०० पाने बचावली. पुढे साम्यवादी राजवटीने त्यांना प्रसिद्धीचा प्रकाश दिसू दिला नाही. एका हुकूमशाहीच्या बळींचे शब्द दुसरीलाही सोसवले नाहीत.

चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल, याचे एक चित्र गिंझने रेखाटले होते. त्याची प्रत इस्रायलचे अंतराळवीर इलान रामोन २००३ मध्ये ‘कोलंबिया’ यानातून घेऊन गेले. आपली कल्पना चावला त्यांची सहप्रवासी होती. १ फेब्रुवारीला यान कोसळले; गिंझ हयात असता, तर तो त्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस ठरला असता. त्या बातम्यांतून त्याचे नाव जगभर गेले आणि प्रागमधील एका घराच्या माळ्यावर पडून असलेल्या त्याच्या दैनंदिन्या उजेडात आल्या.