नुसते ओठ हलव

सहावीत असताना पंधरा ऑगस्टच्या समूहगीतासाठी आमच्या वर्गातून वीस जणांना निवडलं होतं. तालमीच्या तिसऱ्या दिवशी बाई रांगेसमोरून फिरत आल्या, एकेकाच्या तोंडाजवळ कान नेत. माझ्यापाशी थांबल्या. "तू उभा राहा हं, पण नुसते ओठ हलव." रागावून नाही, अगदी मायेने म्हणाल्या. शाळेचं नाव सांगत नाही, बाईंचंही नाही. बाई चांगल्या होत्या आणि शाळेला ढाल हवी होती. मी ओठ हलवले, ढाल आली. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी चारचौघांत गायलो नाही. अंताक्षरीत गुण मोजायचं काम माझ्याकडे असायचं.

मागे एकदा या पानासाठी कॉलेजच्या कट्ट्यावर गप्पा मारताना हा किस्सा सांगितला, तर समोरच्या सात-आठ जणांपैकी तिघांनी जवळजवळ हेच वाक्य ऐकलेलं निघालं. एकीला "तू मागच्या रांगेत टाळ्या वाजव" असं सांगितलं होतं. आता ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि हेडफोन लावून दिवसभर गाणी ऐकते. ऐकतेच फक्त.

हे सगळं आता काढायचं कारण म्हणजे सुट्टी. सहामाही उरकली की दिवाळी, आणि तिच्यामागे दीड-दोन महिन्यांनी नाताळ. सिडको, हडको, गारखेडा, मुकुंदवाडी, कुठलीही कॉलनी घ्या. पाचवी ते आठवीची दहा-वीस पोरं जिन्यात बसून एकाच मोबाईलमध्ये डोकी घालून असतात. तुम्ही त्यांचे दादा-ताई. तुमच्यातल्या कुणाला पेटी येते, कुणाला ढोलकी, कुणाला गिटारचे चार कॉर्ड. या सुट्टीत त्या पोरांचा एक गायनवृंद करा आणि कॉलनीच्या दिवाळी पहाटेला त्याला पंधरा मिनिटं मागून घ्या. माझं म्हणणं एवढंच आहे. आणि एक अट: कुणालाही गाळायचं नाही.

अट ऐकून गाणारे मित्र नाक मुरडतील, म्हणून आधी सुराचं बोलू. लहान पोर 'बेसुर' गातं तेव्हा अनेकदा चूक त्याची नसून पट्टीची असते. पुरुषाचा आवाज साधारण काळी एक-दोनमध्ये बसतो. दादा आपल्या सोयीच्या पट्टीत, खालच्या आवाजात गाऊन दाखवतो आणि पोर त्याची नक्कल करायला जातं. त्याचा गळा तितका खाली जाऊच शकत नाही. मग ते नुसतं घोगरं बोलल्यासारखं करतं आणि आपण ठरवून मोकळे होतो की याला सूर नाही. तेच गाणं एखाद्या ताईने तिच्या पट्टीत सांगावं, किंवा पेटीवर एक सप्तक वर वाजवावं, आणि मग बघा. आणखी एक साधी युक्ती आहे. पोराला आधी सूर देऊ नका, त्याच्याकडून घ्या. त्याला हवा तो 'आ' लावू द्या, तुम्ही तुमचा आवाज त्याला मिळवा. दोन आवाज जुळले की काय वाटतं हे त्याला एकदा कळलं, की पुढच्या वेळी ते स्वतःहून तुमच्या सुराकडे यायला लागतं. वेळ लागतो. काहींना दोन दिवस, काहींना सगळी सुट्टी. पण पंधरा ऑगस्टच्या आठ दिवस आधी तालीम सुरू करणाऱ्या शाळेकडे हाच वेळ नसतो, म्हणून ओठ हलवायची पाळी येते.

आपल्याकडे समूहाने गायची सवय काही नवी आणायची नाही. कोरस या शब्दाच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे झील आहे. शाहीर पुढे, झीलकरी मागे. दिंडीत एकाने चाल सांगायची आणि टाळकऱ्यांनी उचलायची. तिथे शंभरातले दहा सुरात नसले तरी चाल पुढे जातेच. पैठण आपल्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. एकनाथांचं भारूड म्हणजे लहान मुलांच्या वृंदासाठी मुद्दाम बेतल्यासारखा प्रकार आहे: एकाने सोंग घेऊन गायचं, बाकीच्यांनी धृपद धरायचं, आणि ज्याला गाता येत नाही त्याला नाचता, मुरडता, डोळे मोठे करता येतंच. नागसेनवनाच्या बाजूला भीमजयंतीच्या आधी वस्त्यावस्त्यांत जी गाण्यांची तयारी चालते, तिथेही पोरंटोरं अशीच मागे उभी राहून झील धरतात. हे 'सांस्कृतिक कार्यक्रम' वगैरे आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि छावणी. डिसेंबर लागला की चर्चची तरुण मंडळी आणि पोरं कॅरोलसाठी बाहेर पडतात. स्वेटर, कानटोप्या, एक गिटार, एक ढोलकी, घरोघरी जायचं, दारात उभं राहून गायचं, चहा-केक घ्यायचा, पुढच्या घरी. मराठी चर्चची गाणी ज्यांनी ऐकली नाहीत त्यांनी या नाताळात नक्की ऐकावीत. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला ओवी-अभंगाचा आणि भजनाचा बाज दिला. टिळक १९१९ मध्ये गेले, पण 'उपासना संगीत' या पुस्तकातली त्यांची गीतं अजून गायली जातात, आणि पुस्तकात न बघता गाणारी आठ वर्षांची मुलं तिथे भेटतात. कॅरोलच्या टोळीत निवड नसते. जो रस्त्याने चालू शकतो तो गातो. गाणं त्यांना शिकवलं असंही कुणी म्हणणार नाही. दरवर्षी त्याच दिवसांत तेच गायचं, म्हणून ते येतं. आपल्या वृंदांचं घोडं इथेच अडतं. एक कार्यक्रम झाला, फोटो झाले, संपलं. पुढच्या दिवाळीत पुन्हा शून्यापासून.

तुम्ही म्हणाल, आमच्या युवक महोत्सवात समूहगान आहे की. आहे, आणि दर्जेदारही असतं. विद्यापीठाच्या महोत्सवात ग्रामीण कॉलेजांचे चमू काय तयारीने येतात ते मी पाहिलं आहे. पण विद्यापीठांच्या राष्ट्रीय महोत्सवाचा नियम बघा: भारतीय समूहगानात जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं. स्पर्धेला असा नियम लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की आपण तेवढ्यालाच समूहगान समजून बसलो. दोन-तीन हजार मुलांच्या कॉलेजात सहा जण गातात, उरलेले शिट्ट्या वाजवतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तर आता तेवढंही उरलं नाही. मागे ट्रॅक वाजतो, पुढे पोरं हातवारे करतात. म्हणजे एकट्या मला सांगितलं होतं ते आता अख्ख्या स्टेजला सांगितलं जातं.

याच शहरात एकदा असं झालं होतं की गाणाऱ्या पोरांना कॉलेजातून काढून टाकलं गेलं. १९३८ चा नोव्हेंबर, निजामाचं राज्य. इथल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागली. बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही, संप केला. हे लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोचलं आणि शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षण सोडून बाहेर पडावं लागलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. त्या मुलांमध्ये पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं आणि आपण मार्कांपुरतं पाठ करतो. मला त्यात नेहमी वसतिगृहातली ती खोली दिसते. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, तुमच्याच वयाची. त्यांच्यात नक्कीच दोन-चार जण माझ्यासारखे असणार, पट्टी सोडून गाणारे. त्यांना कुणी ओठ हलवायला सांगितलं नसणार, कारण तिथे प्रत्येक आवाज मोजला जात होता. निजामाच्या अधिकाऱ्यांनीही मोजला.

(त्या गाण्यावरून आजही वाद होतात. वृंद करताना एवढं बघा की जे गाणं निवडाल ते कॉलनीतल्या प्रत्येक घरच्या मुलाला मोकळेपणाने म्हणता यावं. शहागंजातलं पोर आणि सिडकोतलं पोर एका ओळीत उभं राहणार असेल तर गाणं निवडतानाच हे ठरतं. पाऊस, शेत, रेल्वे, आजी, भांडण, यांवर मराठीत आणि उर्दूत बालगीतांची काही कमी नाही.)

मोठ्या संगीतकारांनाही हा नाद होताच. सलील चौधरींनी १९५० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत 'बॉम्बे यूथ क्वायर' उभा केला, कलकत्त्यात रुमा गुहा ठाकुरता यांनी 'कलकत्ता यूथ क्वायर'. 'गुड्डी'मधली शाळेची प्रार्थना ज्यांनी बांधली ते आपले वसंत देसाई आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत शाळकरी मुलांच्या मोठ्या समूहांकडून गाणी बसवून घेत. आणि लांबचं एक उदाहरण देतो, आकड्यासाठी. एस्टोनिया नावाचा देश आहे, लोकसंख्या तेरा-साडेतेरा लाख, म्हणजे आपल्या शहराच्या आसपास. तिथे १८६९ पासून गाण्याचा महोत्सव होतो आणि एकाच वेळी सुमारे तीस हजार माणसं मंचावर उभी राहून गातात. मुलांचा आणि तरुणांचा वेगळा महोत्सव १९६२ पासून आहे. तिथेही तालमी असतात, वृंदांची निवड असते, हे खरं. पण मला तो मंच महत्त्वाचा वाटतो. हजारोंना उभं करता येईल असा मंच त्यांनी मुद्दाम बांधला. आपण तापडिया नाट्यमंदिरात विंगेतून पोरं आत-बाहेर करत असतो, कारण पुढची बॅच वाट बघते आणि पालकांना व्हिडिओ काढायचाय.

पालकांवरून आठवलं. वृंद सुरू केलात की चौथ्या दिवशी कुणाची तरी आई येईल आणि विचारेल, "आमच्या आर्याला एक सोलो द्याल का?" रिअ‍ॅलिटी शो बघून वाढलेलं शहर आहे, त्यांचा दोष नाही. याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. माझं मत विचाराल तर सोलो देऊच नका, निदान पहिल्या वर्षी. फार गळ्याशी आलं तर दोन-दोन ओळी वाटून द्या. पण एकीला माईक दिला की उरलेली एकोणीस आपोआप पार्श्वभूमी होतात, आणि त्यांनाही ते लगेच कळतं.

बाकी तपशील फार नाहीत. रोज चाळीस मिनिटं पुरतात, त्याहून जास्त पोरं टिकत नाहीत. तीन गाणी घ्या, पाच नको. ट्रॅक अजिबात नको. पेटी नसेल तर मोबाईलवरचा तानपुरा चालतो. पहिले तीन-चार दिवस नुसतं तुम्ही म्हणा, त्यांनी म्हणायचं, कागद द्यायचा नाही. आणि जे पोर सुरात नाही त्याला रांगेच्या टोकाला उभं करू नका. मधोमध, दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये. दोन्ही कानांत सूर आला की ते सावरतं. टोकाला एकटं पडलं की घाबरून आणखी मोठ्याने गातं, नाहीतर गप्प होतं.

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी छावणीत एका मित्राच्या घरी होतो. कॅरोलवाले आले. सगळ्यात पुढे पाच-सहा वर्षांचा एक पोरगा, नाकात शेंबूड, डोक्यावर लाल टोपी, आणि सगळ्यांच्या अर्धा मात्रा मागे. प्रत्येक ओळ सगळ्यांची संपली की याची संपायची. मागचा दादा गिटार वाजवत खाली बघून हसला आणि पुढची ओळ जराशी थांबून घेतली, म्हणजे हा पोचावा. बाकीचेही थांबले. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा मित्राच्या आईने दारातूनच साथ धरली, मित्राने धरली, आणि मी उभा राहून बघत होतो तर तो पोरगा माझ्याकडे बघून गातच म्हणाला की काय कोण जाणे, पण हाताने खूण मात्र केली: तुम्ही पण. शब्द मला येत नव्हते. तरी तोंड उघडलं.