शहराला गुण द्यावेत ते कोठे उभे राहून?

१७ जुलै २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात 'स्वच्छ सर्वेक्षण २०२४-२५'चे निकाल जाहीर झाले. ३ ते १० लाख लोकवस्तीच्या शहरांच्या गटात पहिला क्रमांक आला तो ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरचा. बिलासपूर दुसरे आणि जमशेदपूर तिसरे. वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर असणारी नॉयडा, चंदीगड, म्हैसूर यांसारखी शहरे या वेळी 'सुपर स्वच्छ लीग' नावाच्या निराळ्या बाकावर बसविली होती, ही गोष्ट सोडली तरी यश लहान नव्हे. २००१ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ साली ती ८,०९,३७८ झाली. इतक्या वेगाने वाढणाऱ्या शहरात घरोघरचा कचरा रोज उचलणे सोपे नसते. सफाई कामगारांचे त्याबद्दल कौतुक झालेच पाहिजे.

आता याच महानगरपालिकेच्या हद्दीतील एका गावाकडे वळू. गावाचे नाव डोंगरी. (मुंबईच्या जुन्या वस्तीतील डोंगरी ती वेगळी. नावाच्या या सारखेपणामुळे पत्रे आणि माणसे दोन्ही चुकत असतील!) भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तरेस वसईची खाडी, दक्षिणेस मनोरीची खाडी आणि पुढे अरबी समुद्र अशा वेढ्यात धारावी बेट आहे. उत्तन, पाली, चौक, तारोडी ही गावे त्यावरच वसली आहेत आणि डोंगरीही त्यांपैकीच एक. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची ही जुनी वस्ती. मासेमारी आणि शेती हे येथील पिढीजात धंदे. मीरा रोडच्या उंच इमारती येथून फार दूर नाहीत, तरी दोन्ही ठिकाणचे जगणे मात्र अगदी वेगळे आहे.

शहरातला उचललेला कचरा गेली अनेक वर्षे नेला जात आला आहे तो याच भागात, उत्तनजवळच्या धावगीला. तेथील ढिगांना वेळोवेळी आगी लागल्या आहेत आणि धूर, वास, झिरपणारे पाणी यांविषयी आसपासच्या गावकऱ्यांनी वारंवार तक्रारी केल्या आहेत. आग का लागते हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहज कळेल. ढिगाच्या पोटात प्राणवायू पोहोचत नाही. तेथे ओला कचरा जिवाणूंमुळे कुजतो आणि मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. कुजण्याच्या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. वरचे प्लॅस्टिक, कागद, चिंध्या यांना मग एखादी ठिणगी पुरते, आणि एकदा पेटलेला ढीग आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहू शकतो.

तेव्हा प्रश्न असा : मीरा-भाईंदर हे पहिल्या क्रमांकाचे स्वच्छ शहर आहे, हे विधान खरे की खोटे? माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. खरे की खोटे हे विचारण्याआधी, गुण देणारा कोठे उभा होता आणि त्याने बेरीज कशी केली, हे विचारावयास हवे.

प्रथम बेरजेचे पाहू. शहरांचा जीवनमान निर्देशांक काढताना पाणी, हवा, रोजगार, शाळा, दवाखाने अशा अनेक निकषांना गुण देतात. मग प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भार देऊन भारांकित सरासरी काढतात. समजा अ, ब, क अशी तीन कल्पित गावे आहेत आणि निकष दोनच आहेत. अ गावाला पाण्यासाठी ८० आणि रोजगारासाठी ४० गुण मिळाले. ब गावाला दोन्हींत ६२. क गावाला पाण्यासाठी ४० व रोजगारासाठी ८५.

दोन्ही निकषांना सारखा भार दिला तर अ ला ६०, ब ला ६२ आणि क ला ६२.५. म्हणजे क पहिले आणि अ शेवटचे. आता पाणी अधिक महत्त्वाचे म्हणून त्याला ६० टक्के आणि रोजगाराला ४० टक्के भार द्या. अ ला ६४, ब ला ६२, क ला ५८. शेवटचे गाव पहिले झाले! ५२ आणि ४८ असा भार देऊन पाहा. या वेळी ब पहिले येईल. वहीत ताळा करून पाहावा. गावात एकही नळ नवा बसला नाही, एकाही माणसाला नवी नोकरी लागली नाही. तरीही तिन्ही गावांना पहिला नंबर मिळू शकला.

ही केवळ कागदावरची करामत आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. अमेरिकेत 'प्लेसेस रेटेड' या नावाचे एक पंचांगवजा पुस्तक निघत असे. त्यात ३२९ नागरी विभागांना हवामान, घरे, आरोग्य, गुन्हे, वाहतूक, शिक्षण अशा नऊ निकषांवर गुण दिलेले होते. १९८५ च्या आवृत्तीत पिट्सबर्ग पहिले आले. संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच आकडेवारी घेतली आणि फक्त भार बदलत गेले. १९८७ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. भार योग्य तसे निवडले तर १३४ शहरे पहिली येऊ शकतात, १५० शहरे शेवटची येऊ शकतात, आणि ५९ शहरे तर अशी की ती पहिलीही येऊ शकतात आणि शेवटचीही! शाळेत एखादा मुलगा त्याच उत्तरपत्रिकांवर पहिलाही आणि शेवटचाही ठरू लागला, तर आपण त्या मुलाकडे न पाहता परीक्षकाकडे पाहू.

आपल्याकडील उदाहरण घ्या. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१८ साली 'राहण्यास सुलभ' शहरांची यादी काढली. १११ शहरांत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरे आणि बृहन्मुंबई तिसरे. महाराष्ट्रात पेढे वाटावे असाच निकाल! पुढची यादी मार्च २०२१ मध्ये आली. तीत दहा लाखांवरील शहरांत बंगळूर पहिले, पुणे दुसरे, नवी मुंबई सहावे आणि बृहन्मुंबई दहावे. अडीच-तीन वर्षांत मुंबई इतकी बिघडली काय? काही गोष्टी बिघडल्या असतील, काही सुधारल्याही असतील. पण या यादीवरून ते कळण्यास मार्ग नाही, कारण मधल्या काळात परीक्षाच बदलली होती. पहिल्या वेळी रस्ते, पाणी, घरे इत्यादी भौतिक सोयींना १०० पैकी ४५ भार होता. दुसऱ्या वेळी निकषांची मांडणी नव्याने झाली आणि नागरिकांना विचारलेल्या मतांना ३० टक्के भार मिळाला. शिवाय गुणांतील फरक पाहा : बंगळूर ६६.७०, पुणे ६६.२७. पाचव्या सुरतेला ६१.७३ आणि सहाव्या नवी मुंबईला ६१.६०. शंभरात ०.१३ गुणांचा फरक! आपल्या प्रयोगशाळेतील तराजूची अचूकता किती हे विचारल्याशिवाय आपण वजन लिहीत नाही. शहराच्या बाबतीत मात्र हा नियम आपण विसरतो.

गुण कोणासाठी दिले आहेत हेही पाहावे. मर्सर नावाच्या कंपनीची जागतिक यादी पुष्कळांनी ऐकली असेल. २०१९ साली तीत व्हिएन्ना पहिले होते, पुणे आणि हैदराबाद दोघे १४३ वे आणि मुंबई १५४ वे. ही यादी मुख्यतः परदेशी नोकरीवर पाठविल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांना किती भत्ता द्यावा, हे कंपन्यांना ठरविता यावे म्हणून असते. त्या कामासाठी ती उपयोगी आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात. पाहुण्या अधिकाऱ्याला तो वास गैरसोयीचा वाटेल, तर कोळिणीला तीच वर्षाची बेगमी. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही.

असे असले तरी या याद्या फेकून द्याव्यात, या मताचा मी नाही. २०१६ मध्ये पहिले स्वच्छ सर्वेक्षण झाले तेव्हा ७३ शहरे त्यात होती. पुढे ती संख्या हजारांवर गेली, आणि ओला-सुका कचरा वेगळा करण्याची गोष्ट नगरपालिकांच्या सभांत बोलली जाऊ लागली. चढाओढीने माणसे कामाला लागतात हे शिक्षकांना सांगावयास नको. माझी तक्रार सरासरीबद्दल आहे.

जस्टस लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पिकांविषयीचा एक नियम लोकप्रिय केला. पिकाची वाढ त्याला मिळणाऱ्या सर्व पोषकद्रव्यांच्या बेरजेवर ठरत नाही. जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी आहे त्यावर ती ठरते. जमिनीत पालाश नसेल तर कितीही नत्र घाला, रोप खुरटलेलेच राहणार. माणसाचे जगणेही पुष्कळसे असेच आहे. नळाला पाणी नसण्याची भरपाई चांगल्या सिनेमागृहाने होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात १९९० पासून साधी सरासरी वापरत. २०१० मध्ये ती बदलून भूमितीय मध्य घेतला गेला, त्याचे एक कारण हेच. आपल्या तीन गावांना तो लावून पाहा : अ ५६.६, ब ६२, क ५८.३. एका विषयात फार मागे असणाऱ्याला आता दुसऱ्या विषयाचा आधार पुरत नाही.

पण निकषांतील ही भरपाई थांबविली तरी एक भरपाई उरतेच, आणि ती अधिक गंभीर आहे. ती म्हणजे एका वस्तीच्या दुःखाची दुसऱ्या वस्तीच्या सुखाने केलेली भरपाई. समजा, एका शहरात सारख्या लोकवस्तीचे दहा वॉर्ड आहेत. प्रत्येकात थोडा थोडा कचरा साठतो आणि स्वच्छतेचे प्रत्येकी ६५ गुण मिळतात. सरासरी ६५. पुढे नऊ वॉर्डांतला कचरा दहाव्यात नेऊन टाकला. नऊ वॉर्डांना ८० गुण, दहाव्याला २०. सरासरी किती? ७४! कचरा एक किलोनेही कमी झाला नाही, फक्त हलला, आणि शहर नऊ गुणांनी वर चढले. दहाव्या वॉर्डात माणसे थोडी असतील तर शहर आणखी वर चढेल. हे आकडे कल्पित आहेत, मीरा-भाईंदरचे नव्हेत. तेथील क्रमांक असाच आला असे मी म्हणत नाही. पण आठ लाखांच्या शहरात डोंगरीसारख्या गावाचा आवाज सरासरीत किती उमटेल, याचा अंदाज या गणितावरून यावा.

हवेचेही तसेच. किनाऱ्यावर दिवसा समुद्रावरून जमिनीकडे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. धुराचे माप दुपारी घेतले की पहाटे, ढिगाच्या कोणत्या बाजूला घेतले, यावर उत्तर बदलेल.

डोंगरीचा आणखी एक प्रश्न २०२५ मध्ये पुढे आला. मेट्रो मार्ग ९ ची कारशेड आधी राई-मुर्धे भागात व्हावयाची होती. तेथील लोकांच्या विरोधानंतर ती डोंगरीला नेण्याचे ठरले, आणि त्यासाठी सुमारे १२,४०० झाडे हटविण्याचा प्रस्ताव आला. रहिवाशांनी त्यावर आक्षेप नोंदविले. मेट्रो ही चांगलीच गोष्ट आहे. ती लाखो लोकांचा वेळ वाचवील आणि वाहतुकीच्या निकषात शहराला गुणही मिळवून देईल. पण त्या प्रस्तावात गुण मिळणार होते साऱ्या शहराला, आणि झाडे जाणार होती एका टेकडीवरची. निर्देशांकाच्या तक्त्यात या दोन गोष्टी समोरासमोर येतच नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक शहराच्या क्रमांकाशेजारी दुसरा एक आकडा छापावा : त्या शहरातील सर्वांत मागे पडलेल्या वॉर्डाचे गुण. पुरस्कार द्यावयाचा तो याच आकड्यावरून द्यावा. मग शहराला वर चढण्याचा एकच मार्ग उरेल, तो म्हणजे तळाच्या वॉर्डाला वर उचलणे. कचरा तेथे नेऊन टाकणे तर तोट्याचेच ठरेल.

याला एक रास्त आक्षेप आहे. एकाच वॉर्डाच्या मापावर सारे अवलंबून ठेवले तर मापातली लहानशी चूक, एखादे बिघडलेले यंत्र, संपूर्ण शहराला खाली ओढील. खरे आहे. सरासरीत चुका एकमेकींना छेद देतात, किमान आकड्यात देत नाहीत. त्यावर उपाय असा की एक वॉर्ड न घेता तळाचा दहावा हिस्सा घ्यावा आणि वर्षातून एकदा न मोजता प्रत्येक ऋतूत मोजावे. खर्च वाढेल, पण सध्याच्या सर्वेक्षणांवरही खर्च होतोच.

शाळेत हा प्रयोग करण्यास खर्च काहीच नाही. वर्गातील मुलांनी आपापल्या वस्तीसाठी पाच प्रश्नांची उत्तरे आणावीत : नळाला पाणी किती तास येते, बससाठी किती मिनिटे थांबावे लागते, घरापासून शंभर पावलांत किती झाडे आहेत, कचऱ्याची गाडी आठवड्यातून किती वेळा येते, आणि ती गाडी पुढे कोठे जाते. पाचव्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना विचारून आणावे लागेल. पहिल्या चार उत्तरांना दहापैकी गुण देण्याची रीत सर्वांनी आधी मिळून ठरवावी. मग प्रत्येकाने आपले भार चिठ्ठीवर गुप्तपणे लिहावेत आणि गुरुजींनी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करून फळ्यावर गणित करावे. पाचव्या प्रश्नाला गुण देऊ नयेत. गाडी जेथे जाते त्या गावाचे नाव तक्त्यात एक वेगळी ओळ म्हणून लिहावे, आणि तेथील एखाद्या शाळेकडून त्याच चार प्रश्नांची उत्तरे मागवून ती ओळ भरावी.