तोंडी परीक्षेत नापास कोण होतो?

काटोलच्या संत्राबागेत राबणारा मजूर मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला, तर त्याला नागपूरला न्यावे लागते. टाके निघतात, जखम भरते. पण माणूस मजुरीचा हिशेब विसरू लागतो, घरच्यांवर उगाच चिडतो. हे मेंदूच्या इजेमुळे की आणखी कशामुळे, ते स्मरण, लक्ष, नियोजन यांच्या चाचण्या घेऊन ठरवायचे असते. अमेरिकेत १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेने या कामाच्या तज्ज्ञाला पीएच.डी. नंतरही दोन वर्षांचे देखरेखीखालचे प्रशिक्षण सांगितले. आपल्याकडे बहुतांशी हे काम नैदानिक मानसशास्त्रज्ञच करतो आणि त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

आमचा सवाल एवढाच, की शिकाऊ उमेदवार सक्षम झाला हे ठरवतो कोण आणि कशावरून? लेखी पेपर पुन्हा तपासता येतो. पण रुग्णासमोरचे काम, तोंडी परीक्षा, अंतर्गत गुण हे पुष्कळसे मार्गदर्शकाच्या मर्जीवर असते. मर्जी आणि जात यांचे नाते किती जुने, हे आमच्या वाचकांना सांगायला नको! दिल्लीच्या 'एम्स'मधील जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी करायला २००६ साली डॉ. सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतील पक्षपाताबद्दल काय सांगितले, ते २००७ च्या अहवालात नमूद आहे. देशातल्या अव्वल संस्थेची ही गत!

मेरिटवाले लगेच म्हणतील, यांना सवलतीने पास व्हायचे आहे. मुळीच नाही. सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहणारा रुग्ण आमचा आहे. कच्चा तज्ज्ञ हात बसवणार तो आमच्याच माणसांवर. म्हणून परीक्षा कडक हवी, पण ती कामाची हवी, उमेदवाराच्या इंग्रजीची आणि आडनावाची नको.

काम कसे मोजायचे? शाळेची पायरी न चढलेल्या बाईसमोर कागद ठेवून आकृती काढायला लावली आणि ती चुकली. एक उमेदवार 'मेंदूत दोष' लिहून मोकळा होतो. दुसरा विचारतो, बाई, पेन्सिल कधी हाती धरली होती काय? मग तो घरच्यांकडून तिचे रोजचे व्यवहार समजून घेतो, तिच्या वऱ्हाडी बोलीत पुन्हा विचारतो. शिक्षणाचा परिणाम या चाचण्यांच्या गुणांवर होतो, हे शास्त्रच सांगते. दुसराच उमेदवार लायक. पण त्याला पाहायला त्या खोलीत परीक्षक बसला तरच हे कळणार. 'व्यक्तिमत्त्व प्रभावी नाही' असल्या शेऱ्याने काय मोजले जाते, हे कोणी आम्हाला समजावून सांगावे.

२०२० च्या शिक्षण धोरणाने एम.फिल. बंद करायचे ठरवले. नैदानिक मानसशास्त्रापुरती मुदत २०२५-२६ च्या सत्रापर्यंत वाढवली गेली. आता नव्या अभ्यासक्रमांचे नियम घडवायचेच आहेत, तर निकष पहिल्याच दिवशी उमेदवाराच्या हाती लेखी द्या. प्रत्यक्ष रुग्ण तपासताना दोन परीक्षक पाहतील आणि त्यातला एक बाहेरचा असेल. दोघांनी आपापले गुण आधी लिहावेत, चर्चा नंतर करावी. नापास केले तर कारण लेखी द्यावे, आणि अपील त्याच विभागप्रमुखाच्या टेबलावर जाऊ नये.