अंग लुळे, पण मन जागे

कालपर्यंत धडधाकट असलेल्या माणसाच्या पायांना मुंग्या येतात, जिना चढताना गुडघे गळतात आणि दोन-चार दिवसांत हातही उचलेनासे होतात. घरचे म्हणतात, 'लकवा मारला.' पण दोन्ही बाजू सारख्याच लुळ्या पडत असतील आणि अशक्तपणा पायांकडून वर चढत असेल, तर तो गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच 'जीबीएस' असू शकतो. अशा वेळी तेल-मालिश करत घरी थांबू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात या आजाराचा उद्रेक झाला, तेव्हा हे नाव घरोघरी पोचले. जुलाब किंवा सर्दी-तापानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे किंवा रक्तद्रव बदलणे, हे उपचार जितक्या लवकर तितके चांगले. साधारणपणे चौघांतल्या एकाला श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागते.

उपचार डॉक्टर करतील. नातेवाइकांचे काम वेगळे आहे आणि तिथेच आपण चुकतो. या आजारात मेंदू शाबूत असतो. रुग्णाला सारे ऐकू येते, सारे कळते. फक्त बोलता येत नाही. तरीही खाटेपाशी उभे राहून 'आता काही खरे नाही', 'शेत विकावे लागणार' अशी बोलणी सर्रास चालतात. ती बाहेर जाऊन करावीत.

रुग्णाशी थेट बोलावे. आज वार कोणता, घरी कोण काय करते आहे, हे सांगावे. पापणी हलत असेल तर एकदा मिटली की 'हो', दोनदा मिटली की 'नाही', अशी खूण ठरवावी. पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता करावा. या आजारात वेदनाही असतात, म्हणून 'कुठे दुखते?' हे रोज विचारावे. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभर पाणीही पाजू नये.

अतिदक्षता विभागाचे दार नातेवाइकांना बहुधा बंद असते. निदान या रुग्णांसाठी तरी, ठरावीक वेळी घरचे एक माणूस आत सोडावे, अशी आमची रुग्णालयांना विनंती आहे. अंग हलत नसलेल्या, पण पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाला ओळखीचा आवाज हाही मोठा आधार असतो.

काहींचा आजार जिवावर बेततो, काहींना कायमची कमजोरी राहते. मात्र सहा महिन्यांत दहापैकी साधारण आठ जण आधाराशिवाय चालू लागतात. म्हणून 'उद्या बरा होशील' असे खोटे वचन देऊ नये. 'आज बोट हलले' हे खरे सांगावे. घरी आल्यावरही सांगितलेले व्यायाम चालू ठेवावेत. शुश्रूषेच्या पाळ्या लावाव्यात. सारा भार एकट्या पत्नीवर किंवा आईवर टाकू नये. हा पल्ला लांबचा आहे. सोबत करणाराही टिकला पाहिजे.