'डे' म्हणजे नेमका किती वेळ?

आमच्या खालाजानचा घसा सुजला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चिठ्ठीवर लिहिले, 'थ्री टाइम्स अ डे'. घरातल्या मुलीने वाचून सांगितले, "खाला, दिवसातून तीनदा." खालाजाननी सकाळी, दुपारी आणि मगरिबच्या आधी अशा तिन्ही गोळ्या उरकल्या. पुढची सारी रात्र रिकामी. त्यांच्या हिशेबाने सूर्य मावळला, दिवस संपला!

आम्ही हसलो नाही. इंग्रजी 'डे'चे अर्थच दोन आहेत. एक, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा उजेडाचा काळ. 'डे अँड नाइट', 'डे शिफ्ट' यांत तो येतो. दुसरा, रात्रीसह पूर्ण 24 तास; आठवड्याचे सात 'डे' ते हेच. औषधाच्या चिठ्ठीवरचा 'डे' दुसरा. फक्त उजेडच सांगायचा असेल तर इंग्रजीत 'डेटाइम' किंवा 'डेलाइट' म्हणतात.

आपल्या 'दिवस' आणि 'दिन' या शब्दांतही हीच दुहेरी आहे. अरबीत मात्र उजेडाच्या काळाला 'नहार' हा वेगळा शब्द आहे. हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते, म्हणून जुम्याची रात्र आधी येते, आणि गुरुवारला आपण 'जुमेरात' म्हणतो. जुने इंग्रजही काळ रात्रींनी मोजत. पंधरवड्याचा 'फोर्टनाइट' म्हणजे मुळात चौदा रात्री!

आणखी एक गंमत. 'डे' आणि 'दिवस' सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचे मूळ एक नाही. 'दिवस'चे नाते लॅटिन 'दिएस'शी आहे. 'डेझी' या फुलाच्या नावात मात्र 'डे' खराच आहे. ते उजेडात उमलते, म्हणून 'दिवसाचा डोळा'.

वाचक भगिनींनो, मुले चिठ्ठी वाचून दाखवतील तेव्हा त्यांना विचारा, हा 'डे' उजेडाचा की 24 तासांचा? दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर हवे, हे डॉक्टरांकडून किंवा औषधाच्या दुकानातून समजून घ्या. रमजानमध्ये तर रोजे सुरू होण्याआधीच विचारा. इफ्तार ते सहरीच्या वेळेत औषध कसे बसवायचे ते आपल्या मनाने ठरवू नका.

खालाजानची तिसरी गोळी आता इशानंतर असते. डॉक्टरांना विचारूनच.