फुलोऱ्याचे खाणे पेरणीलाच



ऑगस्टच्या अखेरीस कापसाच्या कोणत्याही शिवारात फिरून या, दोन तऱ्हेची पऱ्हाटी दिसेल. एक कमरेच्या वर गेलेली, काळीभोर हिरवी, पानांनी गच्च. रस्त्याने जाणारा म्हणतो, यंदा याचे साधले! आत शिरून फांदी उचलून पाहावे, तर पाते जमिनीवर गळून पडलेले आणि पानामागे तुडतुडे. दुसरी बेताच्या उंचीची, पण फांदीगणिक पाते, फूल, बोंड धरलेली. दिवाळीनंतर काट्यावर कोणाचा कापूस जास्त भरतो, ते सांगायला नको.

हा फरक दर वेळी बियाण्याचा नसतो. पुष्कळदा तो एवढाच असतो, की एकाने झाडाचे वय पाहून खाणे बदलले आणि दुसरा मिळेल तेव्हा युरिया टाकत राहिला.

कपाशी पेरणीपासून सव्वा ते दीड महिन्यात पाते धरते. दोन महिन्यांच्या आसपास फुलावर येते. फूल उमलल्यापासून बोंड फुटायला आणखी दीड ते पावणेदोन महिने जातात. पहिल्या दिवसांत झाड मुळे, खोड आणि पाने बांधते. त्याला नत्र लागते. पाते धरले, की घरात नवी खाणारी तोंडे आली. आता पानात तयार होणारी साखर बोंडापर्यंत जायला हवी, त्यासाठी पालाश लागतो. सरकी भरायला स्फुरद लागतो. म्हणून नत्र एकदम बंद करायचे असेही नाही. बोंडे भरताना पानातले नत्र ओढून घेतात. ते कमी पडले, जोडीला मॅग्नेशियमची उणीव असली आणि रात्री गार झाल्या, की पाने लाल पडतात. तोच आपला लाल्या. उलट, उशिरापर्यंत युरियाचा मारा केला तर झाड माजते, रसशोषक किडी वाढतात आणि हंगाम लांबतो. लांबलेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीची चंगळ होते. २०१७ साली या अळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले, ते कोणी विसरलेले नाही.

इथपर्यंतचे बहुतेकांना ठाऊक असते. खरी गोम पुढे आहे. फूल दिसले, की फुलोऱ्याचे खत आणून टाकू, असे म्हणणारा शेतकरी तेव्हाच उशिरा पोचलेला असतो. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद टाकल्या जागेवरच अडकून बसतो. वर फेकलेला दाणा मुळापर्यंत जात नाही. तो पेरणीच्या वेळी, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला मातीआड गेला पाहिजे. कोरडवाहू कपाशीत पालाशही पेरणीलाच देतात, कारण पुढे पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणजे ऑगस्टमधल्या फुलाची शिदोरी जूनमध्येच बांधावी लागते.

आणि जूनमध्ये आपल्या खिशात काय असते? मागच्या कापसाचा पैसा देण्याघेण्यात संपलेला. पीककर्जाचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर. पाऊस पडला, तिफण थांबू शकत नाही. अशा वेळी शेतकरी कृषी केंद्रात जातो आणि सर्वांत स्वस्त पोते उचलतो. ते युरियाचे असते. तेही पुष्कळ ठिकाणी एकटे मिळत नाही. नको असलेली बाटली किंवा पुडी त्याच्या गळ्यात बांधूनच मिळते.

हे पोते स्वस्त आपोआप झालेले नाही. १९९२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाश खतांवरचे किंमत नियंत्रण उठवले, युरिया मात्र नियंत्रणात ठेवला. १९९१-९२ साली देशात नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते. पुढच्याच वर्षी ते ९.५ : ३.२ : १ झाले. सरकारी पुस्तकातले आदर्श प्रमाण ४ : २ : १. २०१० साली पोषणमूल्यावर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया बाहेरच राहिला. आज युरियाचे ४५ किलोचे पोते पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. त्यात सुमारे २१ किलो नत्र, म्हणजे किलोला तेरा रुपये. पोटॅशचे ५० किलोचे पोते दीड हजाराच्या पुढे. त्यात ३० किलो पालाश, म्हणजे किलोला पन्नासच्या वर. पानाचे खाणे तेरा रुपयांना आणि बोंडाचे पन्नास रुपयांना, असा बाजार ज्यांनी मांडला, त्यांनीच शेतकऱ्याला समतोल खताचे धडे द्यावेत, हे नवल आहे.

बोंड भरले तरी भाव मिळेल याची हमी नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पऱ्हाटी पात्या-फुलांवर असतानाच कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. फुलावर खर्च करायचा त्याच आठवड्यात, खर्च वसूल होईल का, ही धास्ती पडली.

तरीही शेत वाट पाहत नाही. म्हणून आपल्या हातातले आपण करावे. पेरणीपूर्वी मातीचे परीक्षण करून घ्या. भारी काळ्या जमिनीत पालाश पुरेसा असू शकतो, हलक्या मुरमाड रानात नसतो; न तपासता दोन्हीकडे सारखे पोते रिकामे करणे म्हणजे पैसा मातीत घालणे. नत्र तीन हप्त्यांत द्या: पेरणीला, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. ओल नसेल तर हप्ता थांबवा. दोन महिन्यांनंतर जमिनीतून युरिया नको. पाते धरताना दोन टक्के युरिया आणि बोंडे भरताना दोन टक्के डीएपी फवारा. दोन टक्के म्हणजे दहा लिटर पाण्याला २०० ग्रॅम. डीएपी रात्री भिजत घाला आणि सकाळी वरचे निवळ पाणी गाळून घ्या. लाल्याची सुरुवात दिसताच एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट फवारा. शेजारच्या तासातल्या तुरीला मात्र कपाशीचे वेळापत्रक लावू नका. कपाशी वयाने फुलते. तूर दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते, पेरणी चार दिवस पुढेमागे झाली तरी.

बाकीचे एकट्याच्या हातात नाही, त्यासाठी बैठक आहे. पीककर्ज मे अखेरपूर्वी हातात पडले पाहिजे. पेरणी उलटल्यावर आलेले कर्ज फुलाच्या उपयोगाचे नाही. खताचे अनुदान कारखान्याच्या दारात न देता एकराच्या हिशेबाने पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या खात्यात द्यावे. कोणते पोते घ्यायचे ते त्याची जमीन ठरवेल. खताला इतर माल जोडून विकणे बेकायदा आहे असे सरकार दरवर्षी सांगते. यंदा ते दुकानात दिसले पाहिजे.

बैठकीला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. पेरणीची तारीख, कोणते खत कधी टाकले, त्या दिवशी पैसा कोठून आणला, एवढेच त्यावर लिहावे. गावागावांतले असे शे-दोनशे कागद एकत्र आले, की पाते पावसाने गळाले की पैशाअभावी, हे कोणाच्या भाषणावरून ठरवावे लागणार नाही.