डॉक्टर तयार आहेत, जहाजाचे काय?

समुद्रमार्गे वैद्यकीय मदत निघाल्याची बातमी आली की आपल्यातले अनेक तरुण विचारतात, "स्वयंसेवक म्हणून नाव कुठे द्यायचे?" ही तळमळ मोलाची आहे. पण अशी मोहीम अनेकदा माणसांअभावी नव्हे, तर जहाजापाशी अडते.

भूमध्य समुद्रातले 'अ‍ॅक्वेरियस' घ्या. १९७७ साली बांधलेले हे जुने जर्मन सरकारी जहाज एका बचाव संस्थेने भाड्याने घेतले. २०१६ पासून 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चे पथक त्यावर होते. सुमारे ३० हजार माणसे वाचली. मग २०१८ च्या ऑगस्टमध्ये जिब्राल्टरने आणि पुढच्याच महिन्यात पनामाने जहाजाची नोंदणी काढून घेण्याचे पाऊल उचलले. झेंडा नाही तर प्रवास नाही. डिसेंबरमध्ये मोहीम संपली. एप्रिल २०२४ मध्ये इस्तंबूलला गाझासाठी मदत भरून उभ्या असलेल्या जहाजांचा झेंडाही गिनी-बिसाऊने ऐन निघताना काढून घेतला.

झेंडा ही एक अडचण झाली. आम्ही सॉफ्टवेअरवाले जिला डिपेंडन्सी म्हणतो, तशा कितीतरी इथे एकमेकींत अडकलेल्या असतात. टाइम चार्टरमध्ये मालक जहाज आणि खलाशी देतो. इंधन आणि बंदराचा खर्च भाड्याने घेणाऱ्याचा. त्याच्या परवानग्यांसाठी जहाज धक्क्याला उभे राहिले, तरी रोजचे भाडे चालूच. आंतरराष्ट्रीय नियमानुसार मालवाहू जहाजावर १२ पेक्षा जास्त प्रवासी असले, की ते प्रवासी जहाज ठरते. मग लाइफबोटींपासून आगीपासूनच्या बचावापर्यंत सगळे निकष बदलतात. म्हणजे वीस डॉक्टर न्यायचे, तर कागदोपत्री ते कोण, हे आधी ठरवावे लागते.

त्यानंतर दवाखाना. अनेक जहाजांवरची वीज ६० हर्ट्‌झची असते, उपकरणे ५० हर्ट्‌झची. जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली, तरी शस्त्रक्रियेला धोका. लसी २ ते ८ अंशांतच हव्यात. निर्जंतुकीकरणाला गोडे पाणी लागते आणि बंदरातल्या घाण पाण्यातून ते सहसा बनवता येत नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर धोकादायक मालात मोडतात.

कोणी म्हणेल, नियम हे निमित्त. खरे कारण राजकारण. बरेचदा तसेच असते. म्हणूनच तयारी चोख हवी. इटलीने अडवलेल्या 'सी-वॉच'च्या जहाजांचा खटला युरोपीय न्यायालयात गेला. वाचवलेल्या लोकांची संख्या एवढ्याच कारणावरून जहाज अडवता येणार नाही, असा निकाल १ ऑगस्ट २०२२ रोजी लागला. त्याच निकालाने सुरक्षेची तपासणी करण्याचा बंदराचा अधिकारही मान्य केला. ज्याची कागदपत्रे कच्ची, त्याने विरोधकाच्या हाती आयते कारण दिले.

रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी झाले. आजही तिथली मुले मर्चंट नेव्हीत जातात. मरीन इंजिनिअर, कस्टम्स जाणणारा, सागरी कायद्याचा वकील, चांगला इलेक्ट्रिशियन यांची खिदमत डॉक्टरांपेक्षा कमी नाही, हे आपण त्यांना कधी सांगितले का? पुढच्या वेळी अशा मोहिमेला वर्गणी देताना चार प्रश्न जरूर विचारा: झेंडा कोणाचा, विमा कोणाचा, किती माणसांची परवानगी, आणि महिनाभर जहाज अडले तर भाडे कोण भरणार? उत्तरे तयार असतील तर मोकळ्या हाताने द्या. नसतील, तर ती शोधायला मदत करा.